कातळावरची रानशेवंती

मष्णू घाडीच्या हाताला गुण आहे, वाळकी काडी खोचली तरी तिला पालवी फुटते, असं बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत सगळे म्हणायचे. तिथं तो मोल्डर होता. सकाळभर काळ्या वाळूचे साचे ठोकायचे आणि दुपारी त्यांत वितळलेलं लोखंड ओतायचं, असं त्याचं काम. संध्याकाळी पिरनवाडीतल्या घरी आला की चहासुद्धा न घेता तो आधी अंगणात जायचा. अंगण ते केवढं, मोटारसायकल उभी केली की उरेल तेवढं. पण त्यात अबोली होती, मोगरा होता, तीन रंगांची जास्वंद होती आणि तेलाच्या डब्यांतून वाढवलेली शेवंती होती. बायको मंगल म्हणायची, "घरात माणसं ऱ्हात्यात, ह्येची बी आठवण ठेवा जरा." तो हसायचा आणि माती चाचपत राहायचा.

झाडांचं हे वेड त्याला लागलं ते वहिनीमुळं. त्याचं मूळ गाव जांबोटीच्या रस्त्यावरून आत, रानाच्या कडेला. आई लवकर गेली. थोरला भाऊ भरमू याचं लग्न झालं तेव्हा मष्णू एवढासा होता, नाक पुसायचीही अक्कल नव्हती. मालुबाई घरात सून म्हणून आली आणि पहिल्या दिवसापासून या पोराची आई झाली. तिनं त्याला न्हाऊ घातलं, शाळेत धाडलं, आणि शेणकुटासाठी, सरपणासाठी रानात जाताना बरोबर नेलं. गौरीच्या आदल्या दिवशी ती त्याला कातळावर न्यायची.

गावाच्या वर जांभ्या दगडाचा एक मोठा कातळ आहे. उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो, पावसाळ्यात त्याच्या भेगांतून हिरवं उगवतं. त्या भेगांत रानशेवंती होती. गावात तिला हेच नाव. पांढऱ्या पाकळ्यांची, मधे हळदीच्या टिकलीसारखी पिवळी, वीतभर उंचीची. शहरात जिला डेझी म्हणतात तिच्यासारखीच, पण अंगानं काटक. एकदा लावून संपणारं ते रोप नव्हे. उन्हाळ्यात वर काडीसुद्धा दिसत नाही, पण दगडाच्या पोटात मुळांचा गड्डा जिवंत असतो आणि पाऊस सुरू झाला की पुन्हा पानं काढतो. गौरीच्या तेरड्याच्या जुडीत ही फुलं खोवल्याशिवाय मालुबाईची गौर घरात यायची नाही. लहानग्या मष्णूला ती सांगायची, "फूल नखानं खुडायचं. गड्ड्याला हात लावायचा न्हाय. आपल्या आधीपास्नं हाईत ती हितं."

पुढं मष्णू नोकरीला बेळगावात आला, लग्न झालं, पिरनवाडीत दोन खोल्यांचं घर झालं. भरमूअण्णा गेला. त्याची मुलगी लग्न होऊन गोव्याला गेली. मालुबाई गावात एकटी राहिली. एकटी म्हणजे माणसांपुरती एकटी. तिच्याजवळ शेरडं होती. चांदी म्हणून एक पांढरी, शिवाय बावरी आणि कोकी नावाच्या दोघी आणि त्यांची करडं. ती त्यांच्याशी दिवसभर बोलायची. खालचा गायरानाचा पट्टा कुणी तारेचं कुंपण घालून बंद केला, तेव्हापासून ती शेरडं घेऊन वर कातळाच्या बाजूला जाऊ लागली होती.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात बेळगावच्या कॅम्प भागातल्या एका हॉलमध्ये फुलांचं प्रदर्शन भरणार असल्याचा बोर्ड मष्णूनं पाहिला. गुलाब, जरबेरा, कुंड्यांची सजावट आणि शेवटी एक विभाग होता, रानफुलांचा. मष्णू बोर्डासमोर बराच वेळ उभा राहिला. दहावी नापास झाल्यापासून त्यानं कुठल्याच स्पर्धेत नाव दिलं नव्हतं. घरी येऊन त्यानं मंगलला सांगितलं, "आपली रानशेवंती नेऊ या. असली बेळगावात कुनी बघितलीबी नसंल."

"एक-दोन कुंड्या न्या की मग," मंगल म्हणाली.

त्यानंही तेच ठरवलं होतं. रविवारी पहार, खुरपं आणि दोन पोती घेऊन तो पहाटेच कातळावर पोचला. वहिनी अजून चुलीपाशी असेल, जाताना तिच्याकडं चहा घेऊ, असा विचार होता. कातळ कळ्यांनी भरून गेला होता. पहिला गड्डा निघायला वेळ लागला. दगडाचा कपचा पहारीनं उचकटावा लागला, पण गड्डा अखंड हातात आला तेव्हा त्याला फार आनंद झाला. दुसरा त्याहून मोठा होता. तिसरा पाहिल्यावर वाटलं, कुंड्या एकसारख्या दिसायच्या तर आणखी हव्यात. मग प्रत्येक भेगेतला पुढचा गड्डा आधीच्यापेक्षा सुंदर दिसत गेला. दोन्ही पोती भरली तेव्हा कातळावर काही बारकी पिलं तेवढी उरली होती. मष्णूनं स्वतःला समजावलं, एवढी हाईत की, वाढतील. उकरलेल्या जागी त्यानं पायानं माती लोटली, वर शेवाळाचे तुकडे ठेवले. कशासाठी, हे त्यानं मनाला विचारलं नाही. चोरी तर केली नव्हती. रान होतं, कुणाच्या मालकीचं नव्हतं. तरी खाली उतरताना तो वहिनीच्या घराकडं न वळता मागच्या पायवाटेनं मोटारसायकलीपाशी आला.

प्रदर्शनात त्याला पहिला क्रमांक मिळाला. पसरट मातीच्या कुंड्या त्यानं पायऱ्यांवर मांडल्या होत्या, त्यात जांभ्याचे तुकडे ठेवले होते. हॉलमध्ये शिरणारा माणूस आधी तिकडंच वळायचा. माईकवरून "मष्णू घाडी, पिरनवाडी" असं नाव पुकारलं. मंगलनं पाठीवर हात ठेवून त्याला पुढं ढकललं. स्थानिक पेपरात फोटो आला. फौंड्रीच्या मॅनेजरनं हात मिळवला. परीक्षकांत कॅम्पातल्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या भाग्यलक्ष्मी टीचर होत्या. त्यांनी चष्मा वर करून एकेक फूल पाहिलं आणि विचारलं, "एक रोप मला देता का हो? आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लावीन म्हणते." मष्णूनं त्यातलं सगळ्यात लहान रोप त्यांना दिलं. मोठं द्यायला जीव झाला नाही.

त्यानंतर चार दिवसांनी गौरी होत्या. दरवर्षीप्रमाणं मष्णू आणि मंगल गावाला गेले. मालुबाई तेरडा आणायला गेली होती. ती परतली ती डोक्यावर पाटी आणि चेहरा उतरलेला. पाटी कट्ट्यावर ठेवून ती तिथंच बसली.

"काय झालं गं वैनी?" मष्णूनं विचारलं.

"फुलं न्हाईत रं औंदा. कातळ कोरा पडलाय. एक बी न्हाय बघ." तिनं पदरानं तोंड पुसलं. "लगीन होऊन आल्यापास्नं असं कदी झालं न्हाय. कशानं झालं असंल?"

मंगलनं स्वयंपाकघराच्या दारातून नवऱ्याकडं पाहिलं. तिनं पोती पाहिली होती. वहिनीला विचारूनच आणली असतील, असं ती समजून होती. आता तिच्या ध्यानात आलं. तिच्या नजरेत एवढंच होतं, सांगा की.

मष्णूच्या घरी त्या क्षणी साऱ्या कुंड्या फुललेल्या होत्या. मोटारसायकलीवर तासाभराचा रस्ता. आत्ता म्हटलं असतं, वैनी, माझ्याकडं हाईत, चुकलं माझं, तर ती चार शिव्या घालून मोकळी झाली असती. त्यानं तोंड उघडलं आणि म्हणाला, "पाऊस लई झाला औंदा. त्यानं गेली असतील."

"पावसानं?" मालुबाई म्हणाली. "पावसानं कवा मेलीत ती?" पण दिराचा शब्द होता, झाडांतलं त्याला कळतं असं तीच साऱ्या गावाला सांगत आली होती. गौरीच्या जुडीत तिनं परसातली चार शेवंतीची फुलं खोवली आणि देवीसमोर हात जोडून बराच वेळ बसून राहिली.

परतताना मंगल मागच्या सीटवरून म्हणाली, "तुमी बोलला का न्हाई?"

"पुढच्या रविवारी नेऊन लावतो की थोडी. तिला कळायचं बी न्हाय."

पुढच्या रविवारी फौंड्रीत ओव्हरटाइम निघाला. त्याच्या पुढच्या रविवारी धो धो पाऊस. मधल्या काळात मष्णूनं कौतुकानं त्या कुंड्यांत कुजलेलं शेणखत घातलं, रोज पाणी दिलं. आठवडाभर पानं तरारली, तळव्याएवढी झाली. मग एके सकाळी एक रोप मानेत वाकलेलं दिसलं. ओढलं तर अलगद हातात आलं, खाली गड्डा काळा आणि पिळपिळीत. दुसरं, तिसरं तसंच. दगडाच्या भेगेत उपाशी राहून जगलेली ती झाडं भरल्या कुंडीत सडून गेली. महिना संपेपर्यंत एकही उरलं नाही. मष्णूनं कुंड्या उलट्या करून भिंतीकडेला लावल्या. बक्षिसाची ढाल मंगलनं टीव्हीवरून काढून कपाटात ठेवली.

दिवाळीला ती दोघं गावी गेली. ओसरीवर पाऊल ठेवताच मष्णूला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. लेंड्यांचा वास नव्हता. दावं रिकामं होतं, खुंट्या उपटून कोपऱ्यात ठेवल्या होत्या. मालुबाईनं चहा आणला तो कोरा.

"शेरडं कुठायत वैनी?"

"दिली," ती म्हणाली. "खानापूरच्या बाजाराला घालवली."

"दिलीस? का?"

मालुबाई चुलीतल्या राखेकडं बघत बोलू लागली. "म्या लई इचार केला. उन्हाळ्यापास्नं मी त्यास्नी तिकडं वर सोडत हुते न्हवं? त्येनीच खाल्ली. कवळी कवळी पानं खाल्ली, मुळं तुडवली. माजं ध्यान न्हवतं. देवीचं फूल त्येंच्या तोंडी गेलं, त्ये माज्यामुळं गेलं. तिकडं डोंगराला न्हेऊन सोडू नगंस, असं आतनं वाटत हुतं, तरी म्या सोडली. आता वर गेले तरी पुन्यांदा खातील. म्हनून दिली."

मष्णूनं कप खाली ठेवला. मंगल उठून मागच्या दारी गेली. आता तरी बोल, असं त्याचं मन ओरडत होतं. पण आता बोलायचं म्हणजे नुसती फुलं उपटल्याचं सांगून भागणार नव्हतं. गौरीच्या दिवशी मी खोटं बोललो आणि त्या खोट्यावर तू तुझी शेरडं घालवलीस, हे सांगावं लागणार होतं. गौरीला जी गोष्ट ओंजळीत मावत होती ती आता त्याला उचलवेना. तो एवढंच म्हणाला, "चांदीला बी?"

"चांदीला बी," मालुबाई म्हणाली.

घरी आल्यावर त्याला जेवण जाईना. साचा ठोकताना हात चुकायचा. एका दुपारी ओतलेल्या लोखंडाचा फवारा उडाला आणि शेजारचा माणूस थोडक्यात वाचला, तेव्हा फोरमननं त्याला बाजूला घेऊन विचारलं, घरी काही झालंय का. तो नाही म्हणाला. त्याच संध्याकाळी त्याला भाग्यलक्ष्मी टीचरना दिलेलं ते लहान रोप आठवलं.

कॅम्पातल्या त्यांच्या जुन्या कौलारू घरापाशी तो दोनदा जाऊन परत आला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा टीचर स्वतःच फाटकात उभ्या होत्या. "अय्यो, तुम्हीच की ते रानशेवंतीवाले! या, या. बघा तुमचं पोर कसं आहे." भिंतीच्या पायथ्याला, पडक्या कौलांच्या चुऱ्यात, ते रोप होतं. फुलं वाळून बोंडं झाली होती, पानं खरखरीत, लहान. पण जिवंत होतं. मष्णू गुडघ्यावर बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते टीचरना दिसू नये म्हणून तो उगाच माती बघत राहिला.

"माझी गेली सगळी," तो म्हणाला. "ह्यातला थोडा गड्डा फोडून मिळंल का?"

"आत्ता बेडा, आत्ता नको," टीचर म्हणाल्या. "आता ते झोपायला निघालंय. आता कापलंत तर तुमचंही जाईल आणि माझंही. पाऊस लागल्यावर बुडातून नवे कोंब येतील. प्रत्येक कोंबाला थोडी मुळी ठेवून कापायचं. तोवर हे घ्या." त्यांनी वाळलेली बोंडं चुरडून कागदाच्या पुडीत बी दिलं. प्रत्येक बीला केसाएवढा तुरा होता. "खत किती घातलं होतंत?"

मष्णूनं सांगितलं.

"मायेनं मारलंत म्हणायचं," टीचर हसून म्हणाल्या. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. तो शब्द मष्णूला दिवसभर टोचत राहिला. माया होती कुठं? होता तो हव्यास.

त्यानं अर्धं बी लगेच पेरलं. फौंड्रीतली जुनी वाळू फुकट मिळत होती, ती आणून बी तिच्यावर टाकलं. त्या काळ्या, कोळशाच्या भुकटीच्या वाळूत एकही उगवलं नाही. उरलेलं अर्धं त्यानं ज्येष्ठापर्यंत जपून ठेवलं. चिऱ्याच्या खाणीवर जाऊन जांभ्याचा भुगा आणला, त्यात नदीची वाळू आणि मूठभर पालापाचोळा मिसळला. बी मातीखाली पुरलं नाही, नुसतं वर भुरभुरलं आणि पोत्याच्या ओल्या तुकड्याची सावली केली. आठ-दहा दिवसांत हिरवे ठिपके दिसले. मुंगीच्या डोक्याएवढे. मष्णू ते बघत उकिडवा बसून राहिला. मंगल मागं येऊन उभी राहिली.

"आलं?" तिनं विचारलं.

"आलं."

"मग आता तरी वैनीस्नी सांगा."

"आधी जगू देत. लावून दाखवतो, मग सांगतो."

मंगलला पटलं नव्हतं, हे त्याला कळलं. खरं म्हणजे त्यालाही पटलं नव्हतं.

दोन पावसाळे गेले. बियाची रोपं पहिल्या वर्षी फुललीच नाहीत, नुसती मुळं धरत राहिली. टीचरच्या भिंतीजवळचा गड्डा फुगला तेव्हा त्यांनी स्वतः सुरी आणून दिली. मष्णूनं कोंब मोजून नाही, मुळी बघून कापले. कापल्या जागी राख लावली. काही सडले, काही धरले. पुढं फुलं संपली की तो बोंडं गोळा करायचा, पावसाच्या तोंडाला पेरायचा, गड्डे फोडायचा. अंगणातला मोगरा बाजूला गेला, अबोली गेली, जास्वंदीच्या फांद्या उतरल्या. सगळीकडं रानशेवंतीचे ट्रे. आल्यागेल्यानं एखादं रोप मागितलं की तो द्यायचा, पण कुठली म्हणून विचारलं की गप्प व्हायचा. दर गौरीला मालुबाई परसातली शेवंती खोवायची आणि मष्णू दुसरीकडं बघायचा.

यंदाच्या आषाढात त्यानं ठरवलं. पाऊस लागून पंधरवडा झाला होता, कातळाच्या भेगांतली माती ओली झाली होती. रविवारी प्लास्टिकच्या क्रेटमध्ये रोपं घेऊन तो वर गेला. पुन्हा मागच्याच वाटेनं, वहिनीच्या घराला वळसा घालून. कातळ पाहून त्याला धक्का बसला. त्यानं उकरलेल्या जागा पावसानं धुऊन रिकाम्या केल्या होत्या. मागं सोडलेली ती बारकी पिलंही मातीबरोबर वाहून गेली होती. त्यानं भेगांत बारीक दगड भरले, त्यावर मूठ-मूठ माती, त्यात रोप, आणि बोटांनी दाबून घट्ट केलं. असे तीन रविवार गेले. तीनही वेळा तो गावात येऊन वहिनीच्या दारात न जाता परतला, आणि दर वेळी परतताना त्याला स्वतःची शरम वाटली.

चौथ्या रविवारी तो पाठमोरा बसून रोप लावत होता, तेव्हा मागून आवाज आला.

"काय करालाईस रं?"

मालुबाई हातात काठी, पावसासाठी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन उभी होती. कुणीतरी सांगितलं असणार, मष्णू वर येतोय आणि तुझ्याकडं येत न्हाय म्हणून.

"रानशेवंती लावालोय," तो म्हणाला.

ती वाकली, एका पानाला बोट लावलं. तिचा चेहरा उजळला. "अगं बया! व्हय की रं, तीच ही! कुठनं आनलीस?"

त्या आनंदाकडं बघून त्याला पुन्हा एकदा वाटलं, काहीतरी सांगावं, नर्सरीतनं म्हणावं. तो उभा राहिला. हात मातीनं भरलेले होते, ते कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

"हितनंच नेलती वैनी."

"म्हंजे?"

"त्या वर्सी गौरीच्या आधी, परदर्शनाला. समदी म्याच उपटून नेली. पावसानं न्हाई गेली आनि शेरडांनी बी न्हाई खाल्ली. माज्याकडं नेली आनि माज्याकडंच मेली."

मालुबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग हळूच दगडावर बसली, काठी आडवी मांडीवर घेतली. पावसाची सर आली, गेली. ती भिजली तरी खोळ सावरली नाही तिनं.

"आनि गौरीला म्या आले तवा तू तितंच हुतास," ती म्हणाली.

"व्हय."

"दिवाळीला शेरडं कुठायत म्हून तूच इचारलास. म्या तुला समदं सांगितलं. तवा बी तुला ठावं हुतं."

"व्हय."

"शेरडांनी खाल्ली न्हाईत," ती स्वतःशी म्हणाल्यासारखं म्हणाली. मग तिचा आवाज फुटला. "चांदी जाईत न्हवती रं टेंपोत. पाय रोवून हुबी ऱ्हायली, माज्याकडं बघून वरडत हुती. आनि म्या तिला शिव्या दिल्या. देवीचं खाल्लीस, जा मर, म्हनाले. काठी बी मारली एक. तिनं काय खाल्लं हुतं?"

मष्णू म्हणाला, "वैनी, म्या उद्याच खानापूरला जातो. दोन शेरडं आनून बांधतो तुज्या दारात."

"नगं."

"माजं ऐक..."

"नगं म्हनले न्हवं! दुसरी आनशील. चांदीला म्या बोललेलं कुठं जातंय?" ती काठी टेकून उठली. खाली उतरताना एकदाच थांबली, वळली नाही. "माती नीट दाब. सैल ठेवलास तर व्हाऊन जातील," एवढं बोलून ती निघून गेली.

मष्णू संध्याकाळपर्यंत कातळावर होता. आणलेली सगळी रोपं लावूनच तो खाली आला. पण त्याला जे वाटलं होतं, की एकदा सांगितलं की छाती हलकी होईल, तसं काही झालं नाही. उलट आजवर चांदी त्याच्यासाठी एक विकलेलं शेरडू होती. आता तिचं ओरडणंही त्याच्या कानात येऊन बसलं.

गौरीला तो आला. मालुबाईनं ताट वाढलं, भाकरी वाढली, पण बोलली ती मंगलशीच. तेरडा आणायच्या आधी मष्णू एकटा कातळावर जाऊन आला. लावलेल्यांतली निम्मी गेली होती. काही ढोरांच्या खुरांखाली, काही पाण्यात. उरलेल्यांनी पानं धरली होती आणि एका भेगेत एक फूल उमललं होतं. त्यानं ते खुडलं नाही. खाली येऊन कुणाला सांगितलंही नाही.

दुपारी मालुबाई तेरड्याची जुडी घेऊन आली. मंगलनं जुडी हातात घेत विचारलं, "वैनी, वर फूल न्हाय का एक बी?"

"हाय एक," मालुबाई म्हणाली. "ऱ्हाऊ दे त्येला. बी पडू दे." आणि तिनं नेहमीसारखी परसातली शेवंती खोवली.

नंतरच्या रविवारी मष्णू कातळावर गेला तेव्हा ती आधीच तिथं होती. करवंदीच्या काटेरी फांद्या तोडून तिनं रोपांभोवती रचल्या होत्या, मधे मधे दगड ठेवले होते. हात ओरबाडलेले होते. मष्णू जवळ जाऊन उभा राहिला. काय म्हणावं ते त्यानं वाटेत ठरवलं होतं. वैनी, मला माफ कर, असं साधंच.

"वैनी..." तो म्हणाला.

"त्या कडंची रोपं तू खोलात लावलाईस," ती मान वर न करता म्हणाली. "तितं पानी साचतंय. काडून वरच्या भेगंत घाल."

तो बसला आणि खुरप्यानं हलक्या हातानं गड्डा सैल करू लागला. ती पलीकडं फांद्या रचत राहिली. ऊन उतरायला लागलं तेव्हा ती उठली, पदर झाडला आणि म्हणाली, "खाली चल. दोन घास खाऊन जा. मागल्या वाटंनं जाऊ नगंस."

तो तिच्या मागोमाग चालू लागला, चार पावलं अंतर ठेवून.